हात पाठीमागे

सोमवार, माघ महिना, १९४६. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातली बाळंतिणींची खोली. हजर: हैदराबादहून आलेल्या मोठ्या बाई, परीक्षेसाठी. शिकवायचं शिकणाऱ्या नर्सबाई तीन. एक तेरच्या, एक बेंबळीच्या, तिसरी मी. शिकाऊ मुली पाच. बाळंतिणीची सासू, खास परवानगीने. गैरहजर: डॉक्टरसाहेब, पटकीची साथ आलेल्या गावांकडे दौऱ्यावर.

हजेरी मी घेतली होती. खाटेवरच्या बाईला हजेरीत धरायची पद्धत तेव्हा नव्हती, आजही नाही.

आधी हे सगळे तिथे का जमले होते ते सांगते. सुइणीचं काम शिकायला खेड्यांतून मुली यायच्या. त्यांना शिकवणारं माणूस बाहेरून यायचं आणि उर्दूत शिकवायचं, कारण तीच तेव्हा सरकारी भाषा. मुली माना डोलवायच्या, घोकायच्या आणि जशा आल्या तशा परत जायच्या. शेवटी वरून हुकूम आला की दवाखान्यातल्याच जुन्या, मुरलेल्या नर्सबाईंना शिकवायला तयार करा. त्यासाठी मोठ्या बाई आल्या. चार महिने राहणार होत्या. उंच, कोरड्या, पान खाणाऱ्या आणि कधीही न बसणाऱ्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा तिघींना एकेका मुलीला पट्टी बांधायला शिकवायला सांगितलं. तिघींनी तेच केलं. मुलीच्या हातातून पट्टी घेतली, झरझर बांधून दाखवली आणि म्हणालो, "असं." मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला.

"तुमारे हातां बहुत होशियार हैं," त्या म्हणाल्या, "इसीच वास्ते लडकियां बेवकूफ रह जाते."

त्या दिवसापासून एकच नियम. शिकवताना हात पाठीमागे. मुलगी चुकली, अडखळली, रडली, तरी शिकवणारीने हात पुढे आणायचा नाही. आणि सांगायचं नाही, विचारायचं. त्यासाठी मोठ्या बाईंनी आमच्याकडून एक मराठी वाक्य पाठ करून घेतलं होतं आणि ते त्या दिवसभर म्हणायच्या: "तुझ्या हाताला काय लागतंय?" मुलीने उत्तर दिलं की त्यावर पुढचा प्रश्न.

ऐकायला सोपं वाटतं. वीस वर्षं ज्या हातांनी काम केलं ते हात स्वस्थ बसत नाहीत. बेंबळीच्या बाई तर पहिल्या आठवड्यात घामाघूम व्हायच्या. "चोर धरून नेल्यावाणी तऱ्हा झाली की माझी," त्या म्हणायच्या. "म्होरं एक शिपाई तेवढा पायजे." मग माझ्याकडे बघून, "आन् तुझं काय गं? तुझी बोटं पाठीमागं बी पट्टी बांधायलीत." खरं होतं. माझा हात सारखा पुढे यायचा. "हातां पीछे!" अशी हाक दिवसातून कितीदा माझ्या नावाने पडायची.

तेरच्या बाईंना मात्र एकदाही हाक पडली नाही. आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. वयाने आमच्यात थोरल्या, लहानपणीच विधवा झालेल्या, दिराच्या घरातून निघून दवाखान्यात आलेल्या आणि इथेच राहिलेल्या. त्यांच्या हाताखाली मी पहिलं बाळंतपण पाहिलं. त्या पहिल्या दिवसापासून पदराआड हात पाठीमागे धरून सरळ उभ्या राहायच्या. मोठ्या बाई आम्हाला त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, "देखो, ऐसा."

बेंबळीच्या बाईंना आणि मला कारण माहीत होतं. अक्कांची बोटं वाकत चालली होती. थंडीत सांधे सुजायचे, मूठ मिटायची नाही, सकाळी कपबशीसुद्धा दोन्ही तळव्यांत धरावी लागायची. वर्षभर आम्ही दोघी ते झाकत होतो. त्यांची सुई मी ओवायची, त्यांच्या पट्टीची शेवटची गाठ बेंबळीच्या बाई मारायच्या. नर्स म्हणून हे फार दिवस चालणार नाही, हे तिघींना कळत होतं. हात गेला म्हणजे नोकरी गेली, नोकरी गेली म्हणजे दवाखान्यामागची खोली गेली, आणि मग तेरला दिराच्या दारात. शिकवणारीची जागा मिळाली तर मात्र सगळं राहणार होतं. तिला हात पाठीमागेच ठेवायचे होते.

"देवानंच धाडली ही बाई," अक्का एकदा मला म्हणाल्या. "पास झाले तर मरंस्तवर हितंच."

सरावासाठी आमच्याकडे बाहुली नव्हती. गोणीत कडबा भरून तिला चादर गुंडाळली होती आणि पोटाच्या जागी तुळजापूरहून कुणीतरी आणलेला नारळ ठेवला होता. बाळ झालं, वार पडली, की बाईच्या बेंबीखाली हात ठेवून बघायचं असतं. गर्भाची पिशवी आवळून कठीण गोळा झाली असेल तर ठीक. मऊ राहिली तर आतल्या आत रक्त जातं. तेव्हा चोळत राहायचं, कठीण होईपर्यंत सोडायचं नाही. हे मुलींना शिकवायला नारळ. मुलगी चादरीवरून हात ठेवायची, शिकवणारी विचारायची, "तुझ्या हाताला काय लागतंय?" मुलगी म्हणायची, "दगडासारखं कठीण, बाई." आणि सगळ्यांना बरं वाटायचं. बेंबळीच्या बाई नारळाला नमस्कार करून म्हणायच्या, "आईसाहेब, माफ करा, तुमचं पोट दाबायलोय."

परीक्षा येईपर्यंत मुलींनी त्या नारळावर हात ठेवला. मऊ काय असतं, ते आम्ही त्यांच्या हाताला कधी लावलंच नाही. तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आठ बाळंतपणं केलेली कुठलीही खेड्यातली सुईण ते जाणून असते, म्हणून सांगावंसं वाटलं नसेल.

परीक्षा म्हणजे खरं बाळंतपण. मुलीने करायचं, शिकवणारीने पाठीमागे हात बांधून उभं राहायचं, मोठ्या बाईंनी दोघींना बघायचं. बेंबळीच्या बाई पास झाल्या. मी एकदा हात पुढे केला, म्हणून मला पुन्हा उभं राहायला सांगितलं. त्या सोमवारी अक्कांची पाळी होती. त्यांच्या वाट्याला भूमकडची एक मुलगी आली होती. सतरा-अठराची, पाठांतराला पक्की, मोठ्या बाईंना घाबरणारी.

बाई तिसऱ्या खेपेची होती. बाळ सुखरूप झालं. मुलगा होता. वार पडली. मुलीने नाळ नीट बांधली आणि अक्कांनी तिला एकेक प्रश्न विचारला, शांतपणे, जसं शिकवलं होतं तसं. मोठ्या बाईंची मान हलत होती. मी भिंतीशी उभी होते. मला वाटलं, झालं, अक्का पास.

तेवढ्यात सासूने घरून आणलेली वाकळ पुढे केली. माघाची थंडी होती. आमच्याकडे बाळंतिणीला वारं लागू देत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक. "सुनंला गार लागंल, बाई. घाला की अंगावर." जुन्या लुगड्यांची, जाड शिवलेली वाकळ. मुलीने ती बाईच्या छातीपासून पायापर्यंत घातली, खाली खोचली आणि मग वाकळेच्या आतून हात घालून पोटावर ठेवला.

"तुझ्या हाताला काय लागतंय?" अक्कांनी विचारलं.

"दगडासारखं कठीण, बाई."

अक्कांनी पुन्हा विचारलं, "नीट बघ. काय लागतंय?"

मुलीने मोठ्या बाईंकडे पाहिलं. "दगडासारखं कठीण."

अक्कांचे हात पाठीमागे होते. बेंबळीच्या बाईंचे होते, माझे होते. मोठ्या बाईंचेही होते. त्या नेहमी तशाच उभ्या राहायच्या. बाकीच्या चार मुली रांगेत, त्यांचेही हात पाठीमागे, कारण आम्ही उभ्या राहतो तशा त्या उभ्या राहायला शिकल्या होत्या. खोलीत फक्त त्या एका पोरीचा हात खाटेवर होता.

बाईने जांभई दिली.

"निजू द्या आता तिला," सासू म्हणाली. "रातभर जागलीय माझी बाय."

बाईने पुन्हा जांभई दिली, तोंड मोठं उघडून, हवा कमी पडल्यासारखी. अक्का ओरडल्या. तसा आवाज त्यांचा मी कधी ऐकला नव्हता. "हात! हात घाला गं पुढं!"

मी वाकळ ओढली. ती ओली होऊन जड झाली होती. रक्त खाली टिपकलंच नव्हतं; चिंध्यांच्या थरांनी ते सगळं पिऊन घेतलं होतं. मी पोटावर हात ठेवला तर भिजवलेल्या कणकेत हात जावा तसा तो आत गेला. अक्का माझ्या अगोदर तिथे पोचल्या होत्या. त्यांनी दोन्ही हात पोटावर ठेवले, पण बोटं मिटेनात. त्या तळव्यांनी रेटत होत्या. मी त्यांना खांद्याने बाजूला सारलं. बेंबळीच्या बाईंनी इंजेक्शन दिलं, खाटेचं पायथ्याकडचं टोक विटांवर उचललं. मोठ्या बाईंनी बाह्या सारल्या आणि माझ्याबरोबर चोळायला लागल्या. पोट आवळलं, सैल पडलं, पुन्हा आवळलं. आमचे हात भरून आले. द्यायला दुसरं रक्त त्या काळी आमच्याकडे नव्हतं. दुपार व्हायच्या आत बाई गेली.

सासूने कुणाला शिव्या दिल्या नाहीत. तिने बाळाला पदरात घेतलं आणि आम्हाला विचारलं, "कठीण हाय म्हनला व्हता न्हवं तुमी?" एवढंच. मग वाकळ मागितली. ती धुऊन देतो म्हणालो तर नको म्हणाली, तशीच गुंडाळून घेऊन गेली. भूमची मुलगी खाटेखाली बसून राहिली होती. तिला उठवायला दोघी लागल्या. आठ दिवसांनी तिचे वडील येऊन तिला घेऊन गेले.

संध्याकाळी मोठ्या बाईंनी अक्कांना बोलावलं. सोबत मी होते, कारण उर्दूचं काही अडलं तर सांगायला. मोठ्या बाईंनी अक्कांचे हात टेबलावर ठेवायला सांगितले. आता लपवण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी एकेक बोट धरून वाकवून पाहिलं. मी मनाशी म्हटलं, संपलं.

"पास," मोठ्या बाई म्हणाल्या. "सिकाने में गलती नई हुई. और सिकाने को हातां लगते नई."

"लागतात, बाई," अक्का म्हणाल्या.

मी ते उर्दूत सांगायला तोंड उघडलं, पण मोठ्या बाईंनी मला हाताने थांबवलं. त्यांना समजलं होतं. त्यांनी कागदावर सही केली. दुसऱ्या आठवड्यात त्या हैदराबादला गेल्या, ठरलेल्या दिवसाच्या आधी.

अक्कांना जागा मिळाली. खोली राहिली. ज्यासाठी सगळं चाललं होतं ते मिळालं, ते नेमकं त्या दिवशी मिळालं, आणि तरी ते नको म्हणायची त्यांना सोय नव्हती. जायला दुसरीकडे जागा नव्हती. वर्गाच्या पहिल्या दिवशी त्यांनी नारळ काढून टाकला. गोणीत कणकेचा गोळा घातला आणि मुलींना म्हणाल्या, "आधी हे. हे लागलं की वरडायचं. कुनासमोर बी वरडायचं." कणीक रोज सकाळी मी मळून द्यायची. त्यांना ते जमत नव्हतं.

राज्य बदललं. दवाखान्याच्या पाटीवरची अक्षरं बदलली. वर्ग चालू राहिला, आणि हात पाठीमागे ठेवायचा नियमही राहिला, कारण तो बरोबर होता. मुली त्यानेच शिकतात, हे आम्ही तिघींनी पाहिलं होतं. अक्कांना तो मोडायचा नव्हता. एके दिवशी त्या मला म्हणाल्या, "तुला याद्या करायची आवड हाय. नियमांची यादी कर. आन् त्यात एक ओळ लिही, शिकवनारीनं हात म्होरं कवा घ्यायचा. मला सांगता येत न्हाय, तू लिही."

मला वाटलं, दहा मिनिटांचं काम. मी लिहिलं: धोका दिसताच. अक्का म्हणाल्या, "दिसला कुठं? वाकळ व्हती की." मी लिहिलं: शंका येताच. "शंका मला रोज येती. मग पोरी शिकायच्या कवा?" मी लिहिलं: मुलीच्या उत्तरावर विसंबू नये. त्या हसल्या. "मग इचारायचं कशाला गं?" असं बरीच वर्षं चाललं. मधूनच एखादी ओळ सुचायची, मी त्यांच्या खोलीत जाऊन वाचून दाखवायची, त्या ऐकून घ्यायच्या आणि मान हलवायच्या. शेवटच्या आजारपणात मी एक घेऊन गेले होते. त्यांनी पुरती ऐकलीसुद्धा नाही. म्हणाल्या, "त्या दिवशी मला कळलं व्हतं का न्हाय, तेच मला उमगंना. तू काय लिहिनार?"

आता अक्कांची जागा माझ्याकडे आहे, आणि जुन्या नर्सबाईंना शिकवायला तयार करायचं कामही. या खेपेला सहाजणी आल्या आहेत, मुरलेल्या, हात स्वस्थ न बसणाऱ्या. उद्यापासून वर्ग. कामांची यादी बहुतेक उरकली आहे: खाटा लावल्या, गोणी भरली, कणकेसाठी पीठ सांगितलं, पांघरुणं सगळी पातळ आणि पांढरी घेतली. नियमांचा कागद टंकायला द्यायचा आहे. आठ नियम लिहून झालेत. नवव्याचा आकडा घातला आहे आणि पुढे जागा सोडली आहे. ती ओळ लिहायची राहिली आहे.