पत्रिका कुणी बघितली?

शिवाजी पेठेतल्या आमच्या वधू-वर सूचक केंद्रात लग्नं कमी आणि किस्से जास्त जमतात. माझा पहिला किस्सा इथल्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यातला. जयसिंगपूरच्या मुलाकडून निरोप आला, "पत्रिका जुळत नाही." मी दचकलेच! मुलीची पत्रिका त्यांना पाठवायची राहूनच गेली होती. ती माझ्या ड्रॉवरमध्ये होती!

घाबरत घाबरत केंद्र चालवणाऱ्या शालनकाकींना सांगितलं. काकी चहा गाळत म्हणाल्या, "अगं, नकार असाच द्यायचा असतोय. खरं सांगून कुणाचं मन कशाला मोडायचं?"

"मग खरं कारण काय असतं?"

"ते विचारायचं न्हाय!"

झालं. तेव्हापासून मला तेच विचारायची खोड लागली.

*

पेठेतल्या एका वरपित्याने आवाज खाली घेऊन सांगितलं, "पोरगी लाखात एक हाय. पण तिचा भाऊ आमच्या विरोधातल्या तालमीच्या टीमकडनं फुटबॉल खेळतोय. दोन्ही टीम एका मांडवात? अक्षता पडायच्या आधी डोकी फुटतील की!"

*

एक मुलगी म्हणाली, "मुलगा बरा होता हो. पण माझ्याशी एक शब्द बोलला नाही. आमच्या म्हशीला मात्र जाताना 'छान हाय' म्हणाला!"

*

एकच गृहस्थ असे भेटले, जे पत्रिकेच्या आड लपले नाहीत. आमच्याच ऑफिसात मुलीच्या वडिलांना म्हणाले, "पावणं, आमच्या पोराचं दुसरीवर मन हाय. काल रात्री कळलं. तुमच्या लेकीला फसवायचं न्हाय."

मुलीचे वडील लालबुंद झाले. मी पाण्याचा ग्लास घेऊन दारापर्यंत सरकले. मग ते एकदम म्हणाले, "च्यायला, खरं बोलणारा माणूस भेटला! चला घरी, जेवल्याबिगर सोडत न्हाय!"

आणि गेले की दोघं जेवायला!

*

कसबा बावड्याच्या वैशालीची गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येईना. नकारांमागून नकार, आणि प्रत्येक वेळी पत्रिका. परवा तिने हळूच विचारलं, "ताई, माझ्या पत्रिकेत एवढं काय वाईट आहे हो?" घरी ग्रहशांत ठरली होती. "ती झाली की जो पहिला हो म्हणेल, त्याच्याशी करणार. मी आता निवडत बसणार नाही."

मला राहवेना. शेवटचा नकार कळवणाऱ्या, मुलाच्या आत्याबाईंना फोन लावला.

"पत्रिका कुणी बघितली, बाई! पोरगी उंच हाय. आमचा प्रशांत टाचा उचलून उभारला, तरी तिच्या खांद्याला लागतोय!"

आधीच्यांनाही विचारलं. सगळ्यांचं कारण उंचीच!

ग्रहशांत आजच होती. मी वैशालीला फोन लावला. काकी ओरडल्या, "अगं, केंद्र बंद पाडतीस काय!" रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा. शेवटी कुणीतरी उचलला.

"हॅलो, गुरुजी बोलतोय. सारखा वाजतोय फोन, माझे मंत्र चुकायला लागलेत! मुलगी संकल्पाला बसली आहे, तिला उठता यायचं नाही. केंद्राचं नाव दिसतंय, म्हणजे पत्रिकेचंच काही आहे ना? मग मला सांगा."

मी सांगून टाकलं, "गुरुजी, पत्रिका कुणी बघितलीच नाही, मुलगी उंच आहे एवढंच!"