शेनबाबांची चाल

शारजात अल नहदाचे टॉवर उभे राहत होते, त्या काळातली ही गोष्ट. सदानंद तिथे परांची बांधायच्या कामावर होता. गाव लांज्याजवळचं. गावात त्याला सगळे बुवा म्हणायचे, कारण भजनाला त्याच्यासारखा गळा पंचक्रोशीत नव्हता. कामगारांच्या कॅम्पातही शुक्रवारी दुपारी त्याच्या खोलीत टाळ वाजायचे.

एकदा लोखंडी पाईप उचलताना त्याचा खांदा उखळला. गोळ्यांनी गुण येईना, तेव्हा फोरमन म्हणाला, "मार्केटच्या मागे एक आंधळा चिनी म्हातारा बसतो. त्याने हात लावला की दुखणं खलास."

म्हाताऱ्याचं नाव शेन. त्याची मुलगी लिन हिने तिथे मालिशचं छोटं दुकान टाकलं होतं. गिऱ्हाइकांशी बोलून बोलून तिला मोडकंतोडकं हिंदी येऊ लागलं होतं. म्हाताऱ्याला चिनीशिवाय काही येत नव्हतं, पण त्याची बोटं दुखरी जागा बरोबर हुडकून काढायची.

एके संध्याकाळी सदानंद दुकानातल्या बाकावर बसला होता, तर आतून सूर आला. सारंगीसारखा, पण जास्त बारीक आणि एकटा. त्याने पडदा सारून पाहिलं. शेनबाबा मांडीवर दोन तारांचं वाद्य घेऊन बसले होते. खाली सापाच्या कातड्याने मढवलेला लहानसा डबा, वर लांब दांडा. सदानंद उभ्या जागी खिळला. तेवढ्यात लिन धावत आली, तिने खिडकी लावून घेतली आणि वडिलांना काहीतरी दटावलं. सूर तुटला.

"अच्छा बजाता है बाबा. बंद क्यों किया?" सदानंदने विचारलं.

तिने त्याला परत बाकावर बसवलं. पण खांदा बरा व्हायला महिने लागले आणि तेवढ्या काळात तिने थोडं थोडं करून सगळं सांगितलं. लहानपणी गोवरात शेनबाबांचे डोळे गेले. एका आंधळ्याच गुरूने त्यांना पदरी घेतलं, वाजवायला शिकवलं. गावात कुणी गेलं की प्रेताच्या पुढे चालत वेशीपर्यंत वाजवायचं, हे त्यांचं काम. गेलेल्याला वाट सापडावी म्हणून. पुढे देशातले दिवस फिरले. असलं जुनं वाजवणं गुन्हा ठरलं. पोरांचा जमाव आला, वाद्य मोडलं, अंगणात शेनबाबांना तुडवलं. लिन तेव्हा लहान होती, दाराआडून बघत होती.

"अभी भी बाबा बजाता है, तो मेरे को दरवाजे पर लात सुनाई देता है," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी समाधान नावाचा पोरगा परांचीवरून पडला. सदानंदच्या शेजारच्या खाटेवरचा, जेमतेम पंचविशीतला. जागीच गेला. कागदपत्रं होईपर्यंत देह शवागारात पडून राहिला. कॅम्पात कुणी मोठ्याने रडलंसुद्धा नाही. जो तो खाली मान घालून कामावर जात होता, येत होता.

शुक्रवारी सदानंद सवयीने मालिशला गेला. खांद्यावर फिरणारी शेनबाबांची बोटं मधेच थांबली. ते लिनला काहीतरी म्हणाले.

"बाबा पूछता है, कौन गया?"

सदानंदने सांगितलं. शेनबाबा उठले, चाचपडत कोपऱ्यात गेले आणि वाद्य उचललं. लिन दारात आडवी उभी राहिली. म्हातारा तिच्यावर ओरडला नाही. तिच्या गालावरून हात फिरवून दोनच शब्द बोलला आणि वाट मिळेपर्यंत थांबला. लिन बाजूला झाली.

सदानंद त्यांना हाताला धरून कॅम्पात घेऊन गेला. समाधानच्या रिकाम्या खाटेवर बसून त्यांनी गज तारांवर ओढला. आधी कुणाला काही कळलं नाही. मग जळगावचा एक पोरगा हुंदका देऊन रडायला लागला आणि सगळी खोली फुटली. इतके दिवस छातीत कोंडलेलं बाहेर पडलं.

त्यानंतर कॅम्पातून कुणाचा देह विमानाने गावी निघाला की माणसं शेनबाबांना न्यायला येऊ लागली. मराठी, तेलुगू, पठाण, सगळेच. सदानंदला ते वाद्य शिकायचं होतं. शेनबाबांनी त्याची राठ बोटं हातात घेऊन पाहिली आणि नाही म्हणून मान हलवली. मग त्याचा तळवा स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि गुणगुणायला लागले. सदानंद ती चाल तशीच, हाताने ऐकत शिकला. चिनी शब्द त्याच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्याने आपलेच घातले:

"जा गड्या, वाट मोकळी,
आम्ही आहोत मागल्यांना."

दोन हजार दोनच्या थंडीत शेनबाबांना न्यूमोनियाने नेलं. वाळवंटाच्या कडेच्या स्मशानात कॅम्पातली माणसं सुट्टी टाकून जमली. सदानंद पुढे झाला आणि गाऊ लागला, पण दुसऱ्या कडव्याला तो अडखळला. सूर हरवला.

तेव्हा लिनने ते गाणं उचललं. मूळ चिनी शब्दांत, न अडखळता. जन्मभर जी खिडकी लावत आली, तिला त्यातलं वळणन्‌वळण पाठ होतं. शेवटपर्यंत गाऊन ती वाळूतच बसली. सदानंद तिच्याशेजारी बसला.

"कभी नहीं बोला उसको, कि मेरे को आता है," ती म्हणाली.

"उसको मालूम था, बहेन," सदानंद म्हणाला. खरं होतं की नाही, त्याला तरी काय ठाऊक. पण ती ते ऐकून रडली आणि तिला बरं वाटलं.

वर्षभराने लिन चीनला परतली, सदानंद लांज्याला. आज त्याच्या भागातल्या चार-पाच वाड्यांत कुणी गेलं की भजनी मंडळ तीच चाल धरतं. नवी पोरं म्हणतात, बुवांची जुनी चाल आहे. बुवा दर वेळी सांगतात, माझी नव्हे, शेनबाबांची. कोण शेनबाबा, असं कुणी विचारलं, तर ते त्याला पडवीत बसवून पहिल्यापासून सांगायला घेतात.