मागचे अंक

विद्यापीठाच्या ग्रंथालयात तिला सगळे ऑनलाइनबाई म्हणत. तोंडावर म्हणत आणि तिलाही ते आवडे. नोकरीला लागली तेव्हा कार्डांचे खण पुसत होती. पुढे जगभरची नियतकालिकं विद्यार्थ्यांना घरबसल्या वाचता येतील अशी सोय तिनेच, जवळजवळ एकटीने उभी केली. एखादा लेख मिळत नसला की ती तो पाताळातून शोधून आणी. ‘आपला पासवर्ड कुणालाही देऊ नये’ ही पाटी वाचनकक्षातल्या प्रत्येक टेबलावर तिनेच चिकटवली होती. आणि लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात तशातली गत तिचीच झाली.

त्या दिवशी ती आली तर वाचनकक्षात गलका. प्रबंध जमा करायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि एकही नियतकालिक उघडत नव्हतं.

“बाई, माझे शेवटचे संदर्भ तपासायचे राहिलेत हो,” एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली. “आता मी काय करू?”

“थांब गं, बघते.” असं म्हणून तिने मेल उघडली. प्रकाशकाचं पत्र होतं. तुमच्याकडच्या एका खात्यावरून कित्येक दिवस सपाट्याने लेख संगणकावर उतरवले जात आहेत. ही चोरी आहे, म्हणून साऱ्या विद्यापीठाचं दार बंद केलं आहे. माणूस कोण, त्याच्यावर काय कारवाई केली आणि लेख पुसले की नाही, हे लेखी कळवा, मग उघडू. खाली खात्याचं नाव होतं. तिचं स्वतःचं.

तिने एकही लेख उतरवला नव्हता. पासवर्ड मात्र तिने एका माणसाला दिला होता, आणि तो माणूस म्हणजे सर.

सर वनस्पतिशास्त्राचे. उभं आयुष्य त्यांनी शेवाळात घालवलं. ती त्यांची विद्यार्थिनी, आणि ग्रंथालयाचे संचालकही त्यांचेच विद्यार्थी. सर निवृत्त झाले त्याच संध्याकाळी नियमानुसार त्यांचं खातं बंद झालं. पुस्तक अर्धं लिहून झालेलं, घरात काकू अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना सोडून उंबऱ्याबाहेर पडायची सोय नाही. “अगं, म्हणजे कालपर्यंत वाचत होतो ते आज वाचायचं नाही?” एवढंच ते म्हणाले होते. तिला राहवलं नाही.

संगणक सांभाळणारा सहकारी हळूच म्हणाला, “ताई, सरळ लिहून टाका, पासवर्ड चोरीला गेला. तुमच्या अंगावर काही येणार नाही.”

“आणि मग?”

“मग काय, पोलिसांत तक्रार. ते काढतील पत्ता, कुणाचा का निघेना.”

पत्ता कुणाचा निघणार हे तिला पक्कं ठाऊक होतं.

संचालकांनी बोलावून घेतलं. “खातं तुमचं, पण वापरलं कुणी? मला संध्याकाळपर्यंत नाव हवंय. आपल्यापैकी कुणी असेल तर चौकशी लावून आजच कळवू. बाहेरचा निघाला तर प्रकरण वकिलांकडे जाईल, आणि ते मिटेपर्यंत दार बंद. ही मुलं तर बुडालीच.”

ती तडक सरांकडे गेली. सरांनीच दार उघडलं. डोळे लाल, दाढी वाढलेली, पण चेहरा पोरासारखा खुललेला.

“ये, ये! बघ, सगळं वाचवलंय मी. पहिल्या अंकापासून.”

“काय वाचवलंत, सर?”

“तूच नाही का म्हणालीस, महिनाअखेर वर्गणी बंद होणार, मग काहीच दिसणार नाही? म्हटलं, घराला आग लागली तर माणूस बसून राहतो का? एकेक लेख हाताने या संगणकात साठवलाय. पोरांना उपयोगी पडेल.”

म्हणजे आगीत तेल तिनेच ओतलं होतं. तिने धीर करून सगळं सांगितलं. सर ऐकत होते, मधूनच आतल्या खोलीकडे बघत होते, काकूंना ऐकू जाऊ नये म्हणून.

“पण आपण इतकी वर्षं वर्गणी भरली ना?” ते म्हणाले. “पूर्वी वर्गणी थांबली तर पुढचे अंक यायचे बंद व्हायचे. मागचे कपाटातच राहायचे. ते कोण घेऊन जायचं?”

“ती वर्गणी होती, सर. हे भाडं आहे. भाडं थांबलं की मागचंही जातं.”

सर संगणकापाशी गेले. मग खुर्ची सरकवून म्हणाले, “पूस. माझ्याच्याने होणार नाही.”

तिने पुसलं. असं काम तिने जन्मात केलं नव्हतं.

“माझं नाव देऊन टाक,” सर म्हणाले. “मला कोण नोकरीवरून काढणार आहे?”

त्या क्षणी तिला मोह झाला, हे खोटं कशाला सांगा. नोकरीवर तिचं घर चालत होतं. पण सर आता बाहेरचे. त्यांचं नाव दिलं असतं तर ती थोडक्यात सुटली असती, सर अडकले असते आणि ती रडवेली मुलगी लटकली असती. परत येऊन तिने चार ओळी लिहिल्या: लेख मी उतरवले, सगळे पुसले आहेत, कारवाई मान्य आहे.

संचालकांनी कागद वाचला. मग उतरवलेल्या लेखांची यादी चाळली.

“तुम्हाला शेवाळाची गोडी कधीपासून लागली?”

तिने सहीसाठी पेन पुढे केलं.

“बाई, यावर मी सही केली तर निलंबन आहे. चौकशीतून वाचलात तरी हे काम पुन्हा तुमच्या हाती येणार नाही. खातं तर कायमचं जाईल.”

“मुलांचं उघडेल ना?”

“आज उघडेल.”

“मग करा.”

त्यांनी सही केली, पत्र पाठवलं. थोड्या वेळाने वाचनकक्षातून “उघडलं, उघडलं!” असा ओरडा ऐकू आला. तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं आणि त्याच जागी नवीन येऊन बसलं. घरी काय सांगायचं?

संचालक टेबलाकडे बघत म्हणाले, “सर कसे आहेत?”

“थकलेत.”

“त्यांना म्हणावं, इथे येऊन वाचा. ग्रंथालयात येऊन बसणाऱ्याला करारात मनाई नाही, मग तो कुणी का असेना. महिनाअखेरपर्यंत तरी.” जरा थांबून ते म्हणाले, “मनाई आता फक्त तुम्हाला.”

“काकूंना एकटं टाकून ते येणार नाहीत.”

ती आपल्या टेबलापाशी आली, संचालकही मागोमाग आले. तिने खणातला डबा आणि चष्मा पिशवीत टाकला.

“उद्यापासून पाठवते त्यांना,” ती म्हणाली. “काकूंपाशी मी बसेन. मला आता वेळच वेळ आहे.”