हिरवा दिवा विझतो तेव्हा

दवाखान्यातली जुनी डिस्क कधीही बंद पडेल, म्हणून तिच्यातले एक्स-रे मी नव्या डिस्कवर उतरवत होते. सगळं एकदम ओढलं तर वॉर्डातल्या डॉक्टरांचे रिपोर्ट अडतील, म्हणून संगणकाच्या कर्नेलला, म्हणजे त्याचं सगळं काम हाकणाऱ्या गाभ्याला, वेगाची मर्यादा घालून दिली होती: थोडं वाचायचं, मग थांबायचं. डिस्कचा हिरवा दिवा लुकलुकायचा आणि मग विझून राहायचा. ती उसंत मीच दिलेली. तरी दर वेळी दिवा पुन्हा लागेपर्यंत मी नजर हलवायचे नाही. थांबलीय की गेली? अंधार दोन्हीचा सारखाच.

काम तसंच चालू ठेवून जेवायला घरी आले. म्हातारी आई झोपली होती. मी दारातच थबकले.

“अशी काय बघतेस गं?” तिनं डोळे किलकिले करून विचारलं.

“काही नाही. झोप तू.”

तिनं डोळे मिटले. तिचा पुढचा श्वास येईपर्यंत मी माझा रोखून धरला.