पोशीरच्या लग्नात बदललेला कर्णा

बाबा गेले आणि वाटणीत माझ्याकडं त्यांचा कर्णा आला. शेत थोरल्याला, कर्णा मला! बाबा भातशेती सांभाळून लग्नाबारशांना लाऊडस्पीकर लावायचे आणि जन्मभर त्यांची एकच रड: "हा कर्णा माझा नाय. पोशीरच्या लग्नात कशेळ्याच्या त्या चोरानं बदलला." त्या लग्नात मुलीकडून बाबा होते, मुलाकडून कशेळेवाला, दोघांचे कर्णे एकाच आंब्यावर. आई हे ऐकून नुसती हसायची. गाव तर सरळ थापाड्याच म्हणायचं.

मला ते फार लागायचं. बापाला लोकांनी थापाड्या म्हणावं आणि आपण चहा पीत बसावं? छट्! कर्णा कुणाचा, ते एकदा शोधायचंच असं मी ठरवलं. त्या काळी कर्ण्याच्या आतल्या कडेला मालक खिळ्यानं नाव कोरायचे. पण आमच्याकडं खंडेनवमीच्या पूजेआधी दरवर्षी कर्ण्याला रंग. दाराचा उरलेला, देवळाचा उरलेला, मिळेल तो. बाबा ब्रशला कुणाला हात लावू देत नसत.

पॉलिशपेपर घेऊन ओट्यावर बसलो. पोपटी गेला, भगवा गेला, सगळ्यात खालचा निळा गेला. आई म्हणाली, "घासतोयस का सोलतोयस रं?" शेवटी पत्रा दिसला आणि त्यावर नाव कशेळेवाल्याचं! मी असा ओरडलो की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. बाबा खरं बोलत होते!

दुसऱ्या दिवशी कर्णा काखोटीला मारून जीपनं कशेळं गाठलं. कशेळेवाला म्हातारा पडवीत वालाच्या शेंगा सोलत होता. मी तावातावानं म्हणालो, "काका, हा घ्या तुमचा, आमचा काढा!"

म्हातारा निवांत उठला, आतून कर्णा घेऊन आला. त्यावर बाबांचं नाव, काठाला चीर. "तुज्या बापाचा फुटका वाजायचा. माजा पार डोंगराला ऐकू जायचा. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ह्यो द्याया आलो, तर तुजा बाप म्हनला, माझ्याकडं हाय तो माझाच हाय. मी त्याच्याकडच्या कर्ण्याला हात लावला तर निळा रंग बोटाला आला. वलाच व्हता."

"मग भांडला नाहीत?"

"भांडनार काय? मी कुनाला सांगायच्या आदी त्योच बोंबलत सुटला, कर्णा मीच बदलला म्हनून. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!" म्हातारा हसला आणि मग डोळे पुसायला लागला. "गेला ते कळलं तवा दोन दिस जेवलो नाय रं. आता मला चोर कोन म्हनंल?"

मला जीपमध्ये तोंड वर करवेना. लाजही वाटत होती आणि हसूही येत होतं. घरी येऊन फुटका कर्णा ओट्यावर ठेवला. आईला काय सांगायचं? खोटंच बोललो.

"बाबांचंच खरं निघालं. त्यानंच बदलला होता."

आईनं कर्ण्याच्या चिरीवरनं बोट फिरवलं.

"आता तू पन थापा सुरू कर," ती म्हणाली. "निळा रंग मीच कालवून दिलता रं."