कमलबाईंच्या चपला

टॉकीजमध्ये बसल्या बसल्या कमलबाई पायातल्या चपला काढून ठेवत. सिनेमा पटला तर पाय शेवटपर्यंत उघडे. नाही पटला, की अंधारात पायानंच चाचपून त्या चपला घालत आणि आमच्या रांगेतल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत. चपला चढल्या म्हणजे बाई आता उठणार, आणि सगळ्या घुग्घुसहून एकाच बसनं आलेल्या, त्यामुळे आम्हीही उठणार. चंद्रपूरच्या टॉकीजांत मी कित्येक सिनेमांचा शेवट पाहिलेला नाही, तो त्यांच्यामुळे.

खाणीच्या कॉलनीत आमच्या भिंतीला भिंत होती. त्या ब्लाऊज शिवत. माप द्यायला गेलं की कालच्या सिनेमाचा समाचार फुकट ऐकायला मिळे. "शिलाई बरी होती, कापडच सडकं," म्हणजे नटांनी कामं चांगली केली, गोष्टीत दम नव्हता. एकदा जंगलात हरवलेली नायिका पाहून आल्या आणि माझ्या दंडाला टेप लावता लावता भडकल्या.

"तीन दिवस जंगलात हिंडून राह्यली अन् ब्लाऊजची इस्त्री मोडली नाई! अन् त्या जंगलात मच्छर नाई काय? गडचिरोलीले माह्या माहेरी एक रात्र झोपव तिले, मंग समजंन."

जेवणाच्या प्रसंगांवर तर विशेष राग. "हीरो एक घास खाते अन् उठते. दिवसभर राबलेला मानूस असा उठते काय? माह्या घरी उठला असता तं तेच ताट डोक्यात घातलं असतं." तेव्हा मी हसायची. आता पडद्यावर कुणी भरलं ताट सोडून उठलं की मलाही चीड येते.

जुने सिनेमे किती छान होते, असं मी एकदा म्हटलं, तर मलाच झापलं. "जुन्यातबी कचरा होताच, सुनिता. कचरा मानूस इसरून जाते, चांगलं तेवढं ध्यानात रायते."

बसस्टँडवर लेकीची वाट पाहणाऱ्या म्हातारीचा एक सिनेमा आम्ही पाहिला. आम्ही जांभया देत होतो, पण बाईंचे पाय उघडेच. दिवे लागले तेव्हा चपला पुढच्या रांगेखाली सरकलेल्या. बाई ओणव्या होऊन त्या शोधत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. "यात कोनी फालतू बोलत नाई," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या तोंडून इतकी स्तुती मी पुन्हा ऐकली नाही.

मागच्या वर्षी त्यांना लकवा मारला. उजवा पाय उचलेना, बोलणं अडखळू लागलं. मुलानं, विनोदनं, पलंगासमोर मोठा टीव्ही लावून दिला. बाई दिवसभर सिनेमे पाहत आणि प्रत्येक सिनेमाला म्हणत, "चांगला हाये."

"आई किती शांत झाली, पाहा," विनोद म्हणाला. मला मात्र धस्स झालं. मी मुद्दाम तोच इस्त्रीवाल्या नायिकेचा सिनेमा लावायला सांगितला. बाईंनी तो पुरा पाहिला. "चांगला हाये." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. बाई घरातच होत्या, पण माझ्या कमलबाई कुठे गेल्या ते कळत नव्हतं. महिन्यांमागून महिने असेच गेले. व्यायाम शिकवणारी मुलगी रोज येऊन पाय हलवायला सांगायची, आणि बाई तिलाही नुसती मान डोलवायच्या, पाय हलवायच्या नाहीत.

एका रविवारी बाई पलंगावर पाय खाली सोडून बसल्या होत्या, मी त्यांच्याजवळ. टीव्हीवर नायक जंगलातून पळत होता. चिखलात पडला, नाल्यातून गेला, काट्यांतून निघाला आणि पांढऱ्याशुभ्र शर्टात नायिकेसमोर उभा राहिला. तेवढ्यात पलंगाखाली काहीतरी घासल्याचा आवाज आला. पाहते तर बाईंचा उजवा पाय फरशीवर हळूहळू सरकत काहीतरी चाचपत होता.

"च... चप्पल कुठी गेली माही?"

मी हाक मारली तसा विनोद धावत आला. त्याला पाहून बाई अडखळत, पण पुऱ्या तावात म्हणाल्या, "काऊन दाखवून राह्यले हे? शर्टाले एक डाग नाई!"

त्यानं आईच्या पायांशी बसून चपला घातल्या. आम्हा दोघांच्या खांद्यावर भार देऊन बाई उठल्या आणि सिनेमा चालू ठेवून ओसरीपर्यंत निघून गेल्या.

तो सिनेमा कुणी काढला, मला ठाऊक नाही. इतका भिकार सिनेमा मी जन्मात पाहिला नाही. तो दिग्दर्शक कधी भेटला, तर त्याच्या पाया पडेन.