डोंगर जाग्यार आसा काय?

दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा मी लालबागच्या एका दुकानात कॉम्प्युटरच्या भावावरून घासाघीस करत होतो. 'बरं' म्हणालो, फोन ठेवला आणि सौदा पुरा केला. त्याला आता महिना झाला. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायचं असतं म्हणतात... मला ते जमणार नाही.

आम्ही घोडपदेवच्या एकाच चाळीतले. कॉटन ग्रीनला एका गोदामाच्या पोटमाळ्यावर दोघांनी धंदा मांडला. डोकं त्याचं, तोंड माझं. उपग्रह तिरका बघतो, म्हणून फोटोत डोंगर कलतो आणि उतारावरचा रस्ता नकाशावर भलतीकडे पडतो. लोक एकेक खूण हाताने जुळवत बसायचे. दिगूचा प्रोग्रॅम जमिनीच्या उंचीच्या माहितीवरून डोंगरांच्या सावल्या मांडायचा, फोटोतल्या सावल्यांशी ताडायचा आणि अख्खा फोटो आपोआप जागेवर बसवायचा.

वर्षभर खेटे घालून मी तो एका रस्ते बांधणाऱ्या कंपनीच्या गळी उतरवला. सहीच्या बैठकीत साहेब कोकणातल्या एका फोटोचं कौतुक करत होते. तेवढ्यात हा म्हणाला, "साहेब, हा चुकलाय. उंचीची माहिती जुनी आहे. इथला एक डोंगर चिरेखाणीने कधीच खाल्ला. नसलेल्या डोंगरापायी आम्ही रस्ता सरकवलाय."

सही राहिली. जिन्यात मी त्याची कॉलर धरली. मला आधी सांगायला काय झालं होतं?

"तुला सांगितलं असतं तर तू मला गप्प बसवलं असतंस रे."

बसवलं असतंच. म्हणून तर तळपायाची आग मस्तकात गेली.

मग त्याने प्रोग्रॅममध्ये एक अडसर घातला. माहितीतला डोंगर फोटोत नीट दिसला नाही की काम थांबतं आणि पडद्यावर आमच्या घरची मालवणी उमटते : 'डोंगर जाग्यार आसा काय?' गिऱ्हाईकं हसतील, काढ ते, म्हणालो. त्याने काढलं नाही. पुढची दोन वर्षं आम्ही त्याच माळ्यावर एकमेकांकडे पाठ करून बसलो.

त्याचं तेरावं झाल्यावर तो प्रश्न पुसायलाच मी त्याच्या टेबलाशी बसलो. आधी हातातलं काम उरकू म्हटलं, तर तेच अडलं. पडद्यावर तोच प्रश्न. रिकाम्या माळ्यावर मी दिगूला मोठ्याने शिव्या घातल्या. मग फोटोतल्या त्या डोंगराखालच्या गावातल्या एका चहावाल्याचा नंबर मिळवून फोन लावला आणि तोच प्रश्न विचारला.

"अर्धोच रवलो," तो म्हणाला.

मी 'नाही' टाइप केलं. तो डोंगर वगळून काम पुढे सरकलं. प्रश्न अजून तिथेच आहे... पण दिगू, मला आधी सांगायला हवं होतंस.